एक पुस्तक, दहा हात



आषाढात भाताची लावणी आटोपली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील गावांना थोडी उसंत मिळते. बाहेर पावसाची झड लागलेली असते, पाणंदीत चिखल झालेला असतो, आणि अशा एखाद्या सायंकाळी शेजारच्या घरातील मित्र छत्री मिटून ओसरीवर येतो. त्याच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक पुस्तक असते. ते पुढे करून तो एवढेच म्हणतो, "हे वाचून पाहा. शेवटची पन्नास पाने मात्र दिवसा वाच. रात्री हातात घेतलेस तर झोप यायची नाही." पुस्तकाची याहून प्रभावी जाहिरात अद्याप कोणाला करता आलेली नाही.

वाचन हे एकांतात करावयाचे काम आहे, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. पाने उलटताना माणूस एकटा असतो हे खरे. परंतु ते पुस्तक त्याच्या हाती येते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावरून, आणि वाचून झाल्यावर त्याविषयी कोणाशी तरी बोलल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ग्रंथालयाच्या कपाटात सहा महिने धूळ खात पडलेल्या पुस्तकाचा शाळेतील गुरुजींनी सहज उल्लेख करावा आणि पुढील आठवड्यात त्याच पुस्तकासाठी वाचकांनी नावे नोंदवावीत, हा प्रकार कोणत्याही ग्रंथपालास नवीन नाही. पुस्तक तेच, कपाट तेच. मधल्या काळात फक्त एका माणसाने त्याविषयी चांगला शब्द काढलेला असतो. हा शब्द काढणारी माणसे गावात किती आहेत, यावर गावाचे वाचन अवलंबून राहते.

श्रवणाची जुनी वाट

गोमंतकात वाचनाचा आरंभच मुळी सामुदायिक आहे. श्रावणमासात देवळाच्या सभामंडपात किंवा घराच्या चौकात श्रीधरकवींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ लावण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, असा तो व्यवहार होता. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते अशा स्त्रीपुरुषांनाही त्या ग्रंथांतील प्रसंग मुखोद्गत असत. पोथी एकाच घरी असे. तिचा लाभ मात्र सगळ्या वाड्याला मिळे.

जत्रा-उत्सवांतील नाटकांनी हेच कार्य दुसऱ्या रीतीने केले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या भागांत देवस्थानच्या उत्सवात गावकऱ्यांनी स्वतः मराठी नाटक बसविण्याची हौस मोठी. नाटकाचे छापील पुस्तक बहुधा एकच मिळे. मग त्यावरून प्रत्येक पात्राची नक्कल वहीत उतरून घ्यायची, ती पाठ करायची आणि तालमीस हजर राहायचे, असा शिरस्ता होता. एका पुस्तकाच्या अशा दहा-बारा नकला होत आणि शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर असे दहा-बारा लोक महिना दोन महिने त्या भाषेच्या सहवासात राहत. ज्या माणसाने आयुष्यात ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही, त्यालाही संपूर्ण अंक तोंडपाठ असल्याची उदाहरणे या गावांत पूर्वी दुर्मिळ नव्हती. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांचीही कथा हीच. एकमेकांकडून उतरून घेणे आणि एकमेकांस देणे, यातूनच त्या वह्या वाढत गेल्या.

हाताने जपलेला ग्रंथ

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला, ही गोष्ट गोमंतकीय अभिमानाने सांगतात. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला होता. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापण्यात आला. परंतु या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग हा ग्रंथ टिकला कसा? तो वाचणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या, त्या एकमेकांस दिल्या, आणि गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या आपल्याबरोबर नेऊन सांभाळल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. छापखान्याने तीनदा छापलेला ग्रंथ लुप्त झाला आणि वाचकांनी हातोहात दिलेला ग्रंथ तीनशे वर्षांनंतरही हाती आला. पुस्तकांच्या देवघेवीचे महत्त्व सांगण्यास याहून मोठा पुरावा गोमंतकाच्या इतिहासात शोधावा लागत नाही.

पुढील काळ मुद्रणास प्रतिकूल होता. १७५४ साली पोर्तुगीज सत्तेने आपल्या वसाहतींत मुद्रणावर बंदी घातली आणि १८२१ पर्यंत गोव्यात छापखाना चालला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले. 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात मराठीचे शिक्षण चालले ते गावठी शाळांत, देवळांच्या आवारांत आणि घरांच्या ओसरीवर. पणजीत १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालयाची स्थापना झाली. आज पाटो येथे उभे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. तथापि त्या काळी पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याला पणजी दूर होती, आणि तेथील पोर्तुगीज व लॅटिन ग्रंथ त्याहूनही दूर होते.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना काही काळ मोकळा श्वास घेता आला. त्या सुमारास ठिकठिकाणी मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके उभी राहिली. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याच्या थोडे आधी, १९०८ साली, निघाली होती. घराघरांतून मूठमूठ तांदूळ बाजूला काढून त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, ही त्यामागील कल्पना तिच्या नावातच सांगितलेली आहे. एका घरास न पेलणारे काम शंभर घरे सहज पेलतात, हा धडा गोमंतकीयांनी तेव्हाच गिरविला.

सालाझारच्या राजवटीत पुन्हा अंधार पडला. छापला जाणारा प्रत्येक मजकूर आधी परीक्षकापुढे ठेवावा लागे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्याच्या हद्दीवर पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला, अनेकांना हौतात्म्य आले, आणि त्यानंतर सीमा बंद झाली. ज्या गावांचा बाजार, सोयरिकी आणि वर्तमानपत्रे सीमेपलीकडून येत होती, त्या गावांना ही बंदी विशेष जाचली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही कोंडी फुटली.

नदीपलीकडचे शेजारी

पेडणे तालुक्याच्या वाचनाचा विचार तेरेखोल नदीपलीकडील मुलखास सोडून करता येत नाही. नदी ओलांडली की आरोंदा, आरवली, शिरोडे ही गावे लागतात. थोडे पुढे सावंतवाडी आणि वेंगुर्ले. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ साली स्थापन झाले. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ पर्यंत विष्णु सखाराम खांडेकर शिक्षक होते. ज्यांच्या 'ययाति' या कादंबरीस पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळाला, त्या लेखकाची उमेदीची अठरा वर्षे पेडण्याच्या इतक्या जवळ एका खेड्यातील शाळेत गेली, हे आजच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जयवंत दळवी यांचा जन्म १९२५ साली गोव्यातील हडफडे येथे झाला आणि बालपण गेले आरवलीत. १९६४ साली केशवराव कोठावळे यांनी मुंबईत 'ललित' हे मासिक सुरू केले, ते केवळ पुस्तके, लेखक आणि वाचक यांच्यासाठी. त्यात 'ठणठणपाळ' या नावाने दळवी साहित्यव्यवहाराची थट्टामस्करी करीत. ती थट्टा वाचण्यासाठी म्हणून अंक उघडणारा वाचक नव्या पुस्तकांची माहिती घेऊन अंक मिटवी. पुस्तकाची शिफारस गंभीर चेहऱ्यानेच करावी लागते असे नाही, हे त्या सदराने वर्षानुवर्षे दाखवून दिले.

मुंबईचाही वाटा मोठा आहे. या दोन्ही तालुक्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेले चाकरमानी चतुर्थीला गावी येत, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कापडचोपडाबरोबर एखादे मासिक, एखादा दिवाळी अंक, एखादी कादंबरी असे. १९१९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने पुढे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'नटसम्राट' यांसारखी नाटके रंगभूमीवर आणली, आणि ती पाहून आलेल्यांनी गावात त्यांची वर्णने केली. सुटी संपली की चाकरमानी परत जाई. पुस्तक मात्र गावात राही आणि पुढील चतुर्थीपर्यंत घरोघर फिरे.

एका मासिकाने घडविलेला प्रवास

हातात आलेला छापील मजकूर माणसाला कोठपर्यंत नेऊ शकतो याचे उदाहरण गोव्यातच आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांकवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे, घरी नारळाच्या बागायतीचे काम. अशा स्थितीत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धचरित्रविषयक लेख त्यांच्या वाचनात आला. मनाने घेतलेली ती ओढ पुढे त्यांना गोव्याबाहेर घेऊन गेली. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करीत त्यांनी पाली भाषा आणि बौद्ध धर्मग्रंथ आत्मसात केले, आणि कालांतराने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले.

मुलांच्या एका मासिकातील लेख आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्यामध्ये अर्थातच एका माणसाचे अपार कष्ट उभे आहेत. परंतु तो अंक त्या खेड्यात पोचलाच नसता तर त्या कष्टांना दिशा कोणती मिळाली असती, हा प्रश्न उरतोच. आज पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या वाड्यावर असाच एखादा मुलगा, अशीच एखादी मुलगी असेल. तिला कोणते पुस्तक हवे आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते. ते दुसऱ्या कोणी तरी ओळखून तिच्या हाती द्यावे लागते.

आजची अडचण

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकीर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील साक्षरतेचे प्रमाण ८८.७० टक्के झाले. १९९३ साली गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि राज्यापासून गावापर्यंत ग्रंथालयांची व्यवस्था उभी करण्याची चौकट तयार झाली. सारांश, पूर्वी वाचणारे होते आणि पुस्तके नव्हती. आता पुस्तके आहेत, वाचता येणारे आहेत, आणि तरीही पुष्कळ पुस्तके न उघडता कपाटात राहतात.

याची कारणे सर्वांच्या नजरेसमोर आहेत. फावला वेळ भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतला. डिचोली तालुक्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले, तेव्हा अनेक घरांचे उत्पन्न आटले. आणि घरखर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली कात्री पुस्तकावर चालते. पेडण्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली. तेथे व औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारा तरुण घरी परततो तेव्हा ग्रंथालयाचे दार बंद झालेले असते. दहावी-बारावीपर्यंत उत्तम वाचणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते आणि तेथे तिला पुस्तक देणारे कोणी भेटत नाही. दोन-चार वर्षांत वाचनाची सवय सुटते. पुढे तिच्या मुलाला गोष्ट वाचून दाखविणारे घरात कोणी उरत नाही. एका पिढीत सुटलेली सवय दुसऱ्या पिढीस मुळातून लावावी लागते, आणि ते काम अतिशय कठीण आहे. खरी हानी ती हीच.

मित्रांच्या मंडळाची शक्ती

या हानीवर उपाय म्हणून मोठ्या इमारती आणि मोठी अनुदाने यांचाच विचार प्रथम मनात येतो. त्यांची आवश्यकता आहेच. परंतु अन्यत्र जे प्रयोग यशस्वी झाले त्यांचा पाया बहुतेक ठिकाणी मित्रमंडळींच्या देवघेवीचा होता.

बडोदे संस्थानात मोतीभाई अमीन या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी 'मित्रमंडळ' ग्रंथालयांची चळवळ सुरू केली. गावातील चारदोन वाचणाऱ्यांनी एकत्र यावे, वर्गणीतून वर्तमानपत्रे व पुस्तके आणावीत आणि ती आळीपाळीने वाचावीत, असे तिचे साधे स्वरूप होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत जाऊ लागली. १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके गावोगाव नेण्यात आली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचे पुस्तक त्याच वर्षीचे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, या विचाराभोवती त्यांचे सारे प्रतिपादन फिरते.

अलीकडच्या काळातही अशी उदाहरणे आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठविल्या. काही काळाने पेट्यांची अदलाबदल करावयाची, म्हणजे प्रत्येक गटास नवी पुस्तके मिळतात. सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' झाले आणि तेथील ग्रामस्थांनी आपल्या घरांतील खोल्या वाचकांसाठी उघडून दिल्या. स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव हे करू शकते. मग काजू, नारळ आणि भात पिकविणाऱ्या गावांना त्यात अवघड असे काय आहे?

हिशेब आणि रीत

एक साधा हिशेब मांडून पाहावा. मराठी कादंबरी किंवा चरित्र आज तीनचारशे रुपयांना पडते. दहा कुटुंबांनी वर्षाकाठी प्रत्येकी दोनच पुस्तके घेतली आणि ती आपसांत फिरविली, तर प्रत्येक कुटुंबास वर्षभरात वीस पुस्तके वाचावयास मिळतात. अठरा पुस्तकांचा खर्च वाचतो, आणि दहा घरांतील माणसांना एकमेकांशी बोलण्यास वीस विषय मिळतात. यासाठी सरकारी मंजुरीची गरज नाही, इमारतीची नाही; एक वही आणि एक विश्वासू माणूस पुरेसा आहे.

पुस्तक सुचविण्याचीही एक रीत आहे. जो ते स्वतः वाचून सुचवितो त्याच्या शब्दास वजन असते. दुसऱ्याने नावाजले म्हणून जो सुचवितो त्याचा शब्द एकदोनदा फसल्यावर कोणी मानत नाही. सुचविताना समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो. बागायतदारास शेतीवरील चांगले पुस्तक किंवा एखाद्या उद्यमी माणसाचे चरित्र आवडेल. रात्रपाळी करून आलेल्यास लहान कथा बऱ्या. वृद्धांस मोठ्या अक्षरांतील पुस्तक हवे, आणि डोळे साथ देत नसतील तर नातवंडाने वाचून दाखवावे. पुस्तक आवडले नाही तर तसे मोकळेपणाने सांगण्याची मुभा असावी. न आवडलेल्या पुस्तकावरून झालेला वाद कित्येकदा आवडलेल्या पुस्तकाच्या स्तुतीपेक्षा अधिक वाचक मिळवून देतो.

भाषेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. या तालुक्यांत घराच्या चुलीपाशी कोंकणी आणि पुस्तकाच्या पानावर मराठी, हा व्यवहार पुष्कळ कुटुंबांत सहजपणे चालत आला आहे. आता त्यात इंग्रजीची भर पडली. वाचकमंडळाने यांपैकी कोणत्याही भाषेस दार बंद करू नये. महादेवशास्त्री जोशी यांच्या मराठी कथांत सत्तरीचा निसर्ग वाचलेल्या माणसाने रवींद्र केळेकर यांचे कोंकणी निबंधही वाचावेत. बा. भ. बोरकर यांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. वाचकाने दोन्ही भाषांत वाचावयास संकोच का करावा?

कोणी काय करावे

शिक्षकांचे काम सर्वांत मोलाचे आहे. आठवड्यातून एक तास असा ठेवावा की ज्यात विद्यार्थी स्वतः वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोलतील. त्यावर गुण देऊ नयेत, प्रश्नपत्रिका काढू नये. जे पुस्तक परीक्षेसाठी वाचावे लागते ते मूल मित्रास क्वचितच सुचविते. शिक्षकाने सुचविलेले पुस्तक मुले आदराने घेतात. पण शेजारच्या बाकावरील मित्राने सुचविलेले पुस्तक ती त्याच रात्री वाचून काढतात.

ग्रंथपालांनी देवघेवीच्या मेजावर एक वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने त्यात पुस्तकाचे नाव आणि आपले मत दोन ओळींत लिहावे. नवीन येणाऱ्याने ती वही चाळून निवड करावी. काही महिन्यांत ती वही गावाच्या आवडीनिवडीचा आरसा होते, आणि नवी खरेदी कोणती करावी याचेही उत्तर तिच्यातच सापडते. महिन्यातून एकदा ग्रंथालयात वाचकांची बैठक बोलवावी. तिला प्रमुख पाहुणे, हारतुरे आणि समारंभ यांची आवश्यकता नाही.

पंचायतींनी व अधिकाऱ्यांनी स्थानिक गरज ओळखून ग्रंथालयाच्या वेळांचा फेरविचार करावा. कारखान्यातून व विमानतळावरून सायंकाळी उशिरा परतणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस दार उशिरापर्यंत उघडे ठेवता आले, तर नवे वाचक मिळतील. महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गट यांच्या बैठका नियमित होतच असतात. त्या बैठकीत पुस्तकांची एक पिशवी फिरली तर लग्न होऊन गावात आलेल्या मुलींचे वाचन सुटणार नाही. देवस्थानांच्या उत्सवात नाटकाच्या जोडीने पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी एक मेज मांडता येईल. जत्रेतून खाजे घेऊन घरी जाणाऱ्याच्या हातात एक पुस्तकही असावे.

राहिला प्रश्न परत न आलेल्या पुस्तकांचा. पुस्तक उसने नेणारा ते विसरतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खोटी नाही. वहीत नाव व तारीख लिहून ठेवावी, महिन्याने आठवण करावी, आणि तरीही शंभरातील पाच पुस्तके गेली तर ती गेली असे समजावे. कपाटाला कुलूप लावून सांभाळलेल्या शंभर पुस्तकांस वाळवी लागण्यापेक्षा ते बरे. हरवलेले पुस्तकही कोठे तरी कोणाच्या तरी घरात असते, आणि पावसाळी सायंकाळी कोणाच्या तरी हाती लागण्याची शक्यता असते.

पूर्वजांनी एका पोथीवर वाडा जागविला, एका नाटकाच्या पुस्तकावर उत्सव साजरा केला, आणि छापील प्रती नष्ट झाल्यावरही एक अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ हाताने उतरून टिकविला. त्या मानाने आजचे काम हलके आहे. घरी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या कपाटातील, स्वतःस मनापासून आवडलेले एक पुस्तक काढावे, ते ज्यास आवडेल अशा एका माणसाचे नाव आठवावे, आणि येत्या रविवारपूर्वी ते त्याच्या घरी स्वतः नेऊन द्यावे. देताना तारीख मात्र वहीत अवश्य लिहून ठेवावी.